स्तंभाकार निवडुंग

स्तंभाकार निवडुंग म्हणजे कॅक्टेसी कुलातील, खांबासारख्या उभ्या खोडाने वाढणाऱ्या वनस्पती. हे एका प्रजातीचे नाव नसून वाढीच्या ठेवणीवरून पडलेले सामूहिक नाव आहे. सेरेयस, पायलोसोसेरेयस, पॅकिसेरेयस, सेफॅलोसेरेयस, मिर्टिलोकॅक्टस अशा अनेक प्रजातींत (जीनस) या ठेवणीच्या जाती आढळतात. त्यांचे मूलस्थान अमेरिका खंडांत आहे. भारतात त्या मुख्यतः शोभेच्या वनस्पती म्हणून बागेत, गच्चीवर, कार्यालयांच्या आवारात आणि कुंडीत लावल्या जातात. रोपवाटिकांमध्ये सर्वाधिक आढळणारा स्तंभाकार निवडुंग सेरेयस प्रजातीतील आहे.

मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यासारख्या उष्ण व पाणीटंचाईच्या प्रदेशात कमी पाण्यावर टिकणारे शोभेचे झाड म्हणून ही वनस्पती उपयुक्त ठरते. मात्र वाळवंटी वनस्पती असल्याने ती कोणत्याही जमिनीत आपोआप वाढते, हा समज चुकीचा आहे. परभणीचा उन्हाळा ती सहन करते; तिला खरा धोका असतो तो पावसाळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीचा. या जिल्ह्यातील लागवडीचे यश मुळांभोवतीचे पाणी किती लवकर निघून जाते यावर अवलंबून असते.

नावे आणि थोराशी होणारी गल्लत

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन भिन्न कुलांतील वनस्पतींसाठी वापरला जातो. बांधावर वाढणारा चपट्या फड्यांचा फड्या निवडुंग कॅक्टेसी कुलातील, म्हणजे खरा निवडुंग आहे. याउलट त्रिधारी निवडुंग, थोर आणि कुंपणासाठी लावला जाणारा शेर या युफोर्बिएसी म्हणजे एरंड कुलातील वनस्पती आहेत. कोरड्या हवामानाशी जुळवून घेताना दोन्ही कुलांत मांसल, हिरवी आणि काटेरी खोडे स्वतंत्रपणे विकसित झाली. त्यामुळे त्या दिसायला सारख्या वाटतात. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

स्तंभाकार निवडुंग विकत घेताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण रोपवाटिकांत युफोर्बियाच्या उभ्या वाढणाऱ्या काही जातीही ‘कॅक्टस’ या नावाने विकल्या जातात. ओळखण्याच्या मुख्य खुणा पुढीलप्रमाणे आहेत:

• खऱ्या निवडुंगाच्या खोडावर अरिओल नावाच्या लहान, लवदार गाद्या असतात. काटे, फांद्या आणि फुले या गाद्यांतूनच येतात. युफोर्बियात अशा गाद्या नसतात. काटे बहुधा जोडीने व थेट कंगोऱ्यावर असतात.
• युफोर्बियाच्या खोडाला इजा झाल्यास दुधासारखा पांढरा चीक वाहतो. सेरेयसच्या खोडातून पारदर्शक, बुळबुळीत रस येतो.
• निवडुंगाची फुले मोठी आणि अनेक पाकळ्यांची असतात. युफोर्बियाची फुले लहान असून त्यांना ठळक पाकळ्या नसतात.

युफोर्बियाचा चीक त्वचेला दाहक असतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करू शकतो. त्यामुळे वनस्पतीची खात्री नसल्यास छाटणी करताना हातमोजे व चष्मा वापरणे आवश्यक असते.

सेरेयस हे प्रजातीनाम इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप मिलर यांनी १७५४ मध्ये वापरले. मेणबत्ती या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आले असून सरळ, उभ्या खोडाला उद्देशून आहे. बागकामाच्या जुन्या पुस्तकांत आणि रोपवाटिकांत ‘सेरेयस पेरुव्हियानस’ हे नाव आढळते. या नावाने लावली जाणारी झाडे बहुधा सेरेयस हिल्डमॅनियानस या दक्षिण अमेरिकी जातीची असतात.

रचना

स्तंभाकार निवडुंगाचे खोड दंडगोल असते आणि त्यावर वरपासून खालपर्यंत उभे कंगोरे असतात. सेरेयसमध्ये सामान्यतः चार ते आठ कंगोरे दिसतात. पाणी मिळाल्यावर खोड फुगते व कंगोऱ्यांमधील खाचा उथळ होतात; पाणी कमी पडल्यावर त्या पुन्हा खोल होतात. हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे होणाऱ्या या हालचालीमुळे खोडाची साल न फाटता पाणी साठवता येते. लागवड करणाऱ्यालाही याचा उपयोग होतो, कारण खाचांची खोली पाहून झाडाला पाणी हवे आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो.

या वनस्पतींना सामान्य पाने नसतात. प्रकाशसंश्लेषणाचे काम हिरवे खोड करते. सालीवर मेणाचा थर असल्याने बाष्पीभवन कमी होते. काही जातींचा निळसर रंग याच थरामुळे दिसतो. खोडाच्या मध्यभागी वाहिन्यांचे कडे असते. वय वाढते तसे हे कडे लाकडासारखे कठीण होते व उंच खोडाला आधार देते. मुळे बहुधा उथळ असून आडवी पसरतात. मूळ प्रदेशात थोड्या पावसाचे वरच्या थरातील पाणी चटकन शोषून घेण्यासाठी ही रचना उपयोगी पडते. भारी जमिनीत मात्र याच उथळ मुळांभोवती पाणी सर्वाधिक काळ साचते.

श्वसनरंध्रे आणि पाण्याची बचत

बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. निवडुंगाची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड सेंद्रिय आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा, रंध्रे बंद असताना, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून शर्करा तयार होते. रात्रीची हवा थंड व तुलनेने दमट असल्याने या पद्धतीत पाणी फार कमी वाया जाते. तिला क्रॅसुलेशियन आम्ल चयापचय असे म्हणतात.

या प्रक्रियेच्या अभ्यासाचा भारताशी संबंध आहे. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी भारतात असताना पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात आणि दिवस चढेल तसा आंबटपणा नाहीसा होतो, असे निरीक्षण नोंदवले. ते १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रात्री साठलेले आम्ल दिवसा वापरले जाते, हे त्यामागील कारण पुढे स्पष्ट झाले.

फुले व फळे

सेरेयसची फुले मोठी, पांढरी व नरसाळ्याच्या आकाराची असून सुमारे १५ सेंटिमीटर लांब असतात. ती रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढेपर्यंत कोमेजतात. मूळ प्रदेशात त्यांचे परागण निशाचर पतंगांकडून होते. इतर अनेक स्तंभाकार निवडुंगांत वटवाघळेही हे काम करतात. महाराष्ट्रात घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ म्हणून लावली जाणारी, रात्री फुलणारी वनस्पतीही निवडुंग कुलातीलच एपिफायलम ऑक्सिपेटॅलम ही आहे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ मात्र सूर्यफुलाच्या कुलातील वेगळी वनस्पती आहे.

सेरेयसला फुले येण्यासाठी झाड पुरेसे वाढलेले असावे लागते आणि त्याला भरपूर ऊन मिळावे लागते. घरात ठेवलेली लहान रोपे सहसा फुलत नाहीत. लागवडीतील बरीच झाडे स्वपरागणाने फळ धरत नाहीत. एकाच झाडाच्या फाट्यांपासून वाढवलेली रोपे जनुकीयदृष्ट्या एकच असल्याने ती शेजारी असूनही फळे येत नाहीत. फळ गुलाबी-लाल किंवा पिवळसर सालीचे, आतून पांढरे व काळ्या बियांचे असते आणि ते खाल्ले जाते. इस्राएलमध्ये त्याची फळपीक म्हणूनही लागवड करण्यात आली आहे.

शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या जाती

• सेरेयस हिल्डमॅनियानस: मूलस्थान ब्राझील, पॅराग्वे, उरुग्वे व अर्जेंटिना. लागवडीतील सर्वांत सोपी व जलद वाढणारी जात. अनुकूल परिस्थितीत वर्षाला ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उंची वाढते. गाठाळ, वेड्यावाकड्या वाढीचा ‘मॉन्स्ट्रोसस’ हा प्रकारही लोकप्रिय आहे.
• सेरेयस जमाकारू: मूलस्थान ईशान्य ब्राझील. खोडाचे अनेक फाटे फुटून वृक्षासारखा आकार येतो.
• पॅकिसेरेयस मार्जिनेटस: मेक्सिकोत जिवंत कुंपणासाठी लावली जाणारी जात. कंगोऱ्यांच्या कडेने पांढरी उभी रेघ दिसते.
• मिर्टिलोकॅक्टस जिओमेट्रिझन्स: मेक्सिकोतील निळसर खोडाची जात. तिचा इतर निवडुंगांच्या कलमासाठी खुंट म्हणून उपयोग होतो.
• पायलोसोसेरेयस पॅकिक्लॅडस: ब्राझीलमधील ठळक निळ्या खोडाची जात. उष्ण हवामानात चांगली वाढते.
• सेफॅलोसेरेयस सेनिलिस: मेक्सिकोतील, म्हाताऱ्याच्या केसांसारख्या पांढऱ्या तंतूंनी झाकलेली जात. वाढ संथ असते. केसांत ओल टिकल्यास बुरशी येते, त्यामुळे पावसात उघड्यावर ठेवू नये.
• अकँथोसेरेयस टेट्रागोनस: तिचा अनेक लहान खोडांचा बुटका प्रकार कुंडीसाठी ‘फेअरी कॅसल’ या नावाने विकला जातो.

चित्रपटांतून परिचित झालेला, हात वर केल्यासारखा दिसणारा सग्वारो हा ॲरिझोना व मेक्सिकोतील सोनोरा वाळवंटाचा रहिवासी आहे. तो बारा मीटरपेक्षा उंच होतो. परंतु पहिल्या दहा वर्षांत त्याची उंची काही सेंटिमीटरच वाढते आणि फांद्या येण्यास बहुधा पन्नासहून अधिक वर्षे लागतात. बागेत लवकर परिणाम साधण्यासाठी तो उपयुक्त नाही.

भारतातील पार्श्वभूमी

निवडुंग कुलात सुमारे १,७५० जाती असून त्यांपैकी ऱ्हिप्सॅलिस बॅसिफेरा ही एक वेली निवडुंगाची जात वगळता सर्व मूळच्या अमेरिकेतील आहेत. भारतात आज दिसणारे निवडुंग म्हणूनच बाहेरून आलेले आहेत.

भारतातील निवडुंगाचा जुना इतिहास फड्या निवडुंगाशी निगडित आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील कीटक भारतात वाढवावा, या हेतूने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १७९५ मध्ये ब्राझीलमधून कीटक आणण्यात आला. तो रंगासाठीचा खरा कोचिनील नसून त्याच्या जवळचा डॅक्टिलोपियस सिलोनिकस हा कीटक निघाला. रंग हाती लागला नाही, पण त्या कीटकाने मोकाट पसरलेल्या फड्या निवडुंगाच्या एका जातीचा मोठ्या प्रमाणावर नाश केला. पुढे १९२६ मध्ये डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा दुसरा कीटक श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणून निवडुंगाच्या आणखी जाती आटोक्यात आणण्यात आल्या. तणांच्या जैविक नियंत्रणाच्या इतिहासात ही भारतीय उदाहरणे सुरुवातीची मानली जातात.

विसाव्या शतकात शोभेचे निवडुंग जोपासण्याचा छंद शहरांत रुजला. हरियाणातील पंचकुला येथे १९८७ मध्ये निवडुंग व मांसल वनस्पतींचे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. अलीकडच्या काळात ड्रॅगन फ्रूट या वेली निवडुंगाच्या फळबागा महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण भागांत वाढल्या आहेत. त्यामुळे फाट्यापासून रोप करणे, गादीवाफा घालणे, पाण्याचा निचरा राखणे ही निवडुंगाच्या लागवडीची तंत्रे शेतकऱ्यांना परिचित झाली आहेत. स्तंभाकार निवडुंगालाही तीच तत्त्वे लागू पडतात.

परभणी जिल्ह्यातील लागवड

हवामान

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर थंडीच्या लाटेत किमान तापमान काही वेळा ५ अंशांच्या खाली उतरते. ही दोन्ही टोके सेरेयस सहन करू शकतो. मुळांभोवतीची माती कोरडी असल्यास त्याला थोड्या काळाची कडक थंडीही बाधत नाही. वर्षातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यातील कोरडेपणा वनस्पतीच्या मूळ प्रदेशाशी मिळताजुळता असला, तरी उष्णता, दमट हवा आणि ओली जमीन यांचा पावसाळ्यातील संयोग कूज निर्माण करणाऱ्या बुरशींना पोषक ठरतो.

मराठवाड्यात पाण्याची टंचाई वारंवार उद्भवते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात हिरवळ व पाणीखाऊ शोभेच्या झाडांऐवजी मांसल वनस्पती लावल्यास बागेसाठी लागणाऱ्या पाण्यात मोठी बचत होते.

जमीन

जिल्ह्यातील जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत खोल काळी जमीन आढळते. उत्तरेकडील जिंतूरच्या डोंगराळ भागात आणि दक्षिणेकडे गंगाखेडजवळच्या बालाघाटाच्या परिसरात उथळ, मुरमाड जमिनीही आहेत. स्तंभाकार निवडुंगासाठी या मुरमाड जमिनी तुलनेने अनुकूल असतात.

काळ्या जमिनीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. ओली झाल्यावर ही माती फुगते, तिच्यातील पोकळ्या बंद होतात आणि हवा खेळत नाही. निवडुंगाच्या मुळांना प्राणवायू न मिळाल्यास ती गुदमरून मरतात व मेलेल्या मुळांतून कूज खोडात शिरते. उन्हाळ्यात हीच माती आक्रसून तिला रुंद भेगा पडतात. या भेगांमुळे उथळ मुळे तुटतात. अशा प्रकारे कपाशीसारख्या पिकाला उपकारक असलेला पाणी धरून ठेवण्याचा गुण निवडुंगाला मारक ठरतो. कालव्याच्या लाभक्षेत्रात जमिनीत ओल अधिक काळ टिकत असल्याने तेथे विशेष काळजी घ्यावी लागते.

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने स्थापन झाले. सोयाबीनसारख्या खरीप पिकांसाठी तेथून रुंद वरंबा व सरी पद्धतीचा पुरस्कार केला जातो. या पद्धतीत पीक उंचवट्यावर राहते आणि जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते. काळ्या जमिनीत निवडुंग लावतानाही मुळे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवणे, हेच तत्त्व उपयोगी पडते.

जागेची निवड व वाफा

झाडाला दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. छपराचे किंवा गच्चीच्या पन्हाळीचे पाणी पडते त्या ठिकाणी झाड लावू नये. निचरा तपासण्यासाठी सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. ते मुरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही उभे दिसल्यास त्या जागी थेट लागवड करू नये.

काळ्या जमिनीत खोल खड्डा खणून तो वाळू किंवा मुरमाने भरणे ही नेहमी होणारी चूक आहे. भोवतालची चिकणमाती पाणी पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे सभोवारचे पाणी सैल भरावात उतरते आणि खड्डा पाण्याने भरलेल्या हौदासारखा होतो. वरून कोरड्या दिसणाऱ्या वाळूखाली मुळे पाण्यात बुडालेली राहतात. याऐवजी जमिनीवरच ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा ओटा करावा. कडेला दगड रचावेत, पण त्यांत सिमेंट भरू नये. पाणी फटींतून निघून जाऊ द्यावे. ओट्याचा माथा मध्ये किंचित उंच ठेवावा.

भरावासाठी मुरूम, जाड वाळू आणि पोयट्याची माती समप्रमाणात घेऊन त्यात थोडे पूर्ण कुजलेले शेणखत मिसळता येते. बांधकामाची बारीक वाळू घट्ट बसत असल्याने ती टाळावी. वाळूऐवजी विटांचा चुरा चालतो. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येण्याची शक्यता असते व त्या मुळे खातात.

कुंडीतील लागवड

कुंडी खोडाच्या जाडीपेक्षा थोडीच मोठी असावी. फार मोठ्या कुंडीत माती दीर्घकाळ ओली राहते. मातीची कुंडी बाजूंनी ओल सोडते, म्हणून ती प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा सुरक्षित असते. शिवाय वजनदार असल्याने उंच झाड कलंडत नाही. तळाच्या छिद्रांखाली विटांचे तुकडे ठेवून कुंडी जमिनीपासून उचलावी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या झाडाचा शेंडा फिकट व बारीक होत जातो. नंतर उन्हात ठेवले तरी बारीक झालेला भाग पूर्ववत जाड होत नाही, आणि वरचे वजन वाढल्यावर झाड तेथे मोडू शकते. सावलीत वाढलेले रोप एकदम एप्रिल-मेच्या उन्हात ठेवल्यास सालीवर पांढरट-पिवळे डाग पडतात व ते कायम राहतात. त्यामुळे दोन-तीन आठवडे शेडनेटखाली ठेवून उन्हाची सवय लावावी.

पाणी व खत

पाणी देताना मातीचा गोळा पूर्ण भिजेल इतके द्यावे आणि पुढचे पाणी माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच द्यावे. काडी मातीत खोल खुपसून बाहेर काढल्यावर ओली माती चिकटल्यास पाण्याची गरज नसते. परभणीच्या हवामानात साधारणपणे पुढील क्रम पाळता येतो:

• मार्च ते मे: कुंडीतील झाडाला सात ते दहा दिवसांतून एकदा, संध्याकाळी. जमिनीत रुजलेल्या मोठ्या झाडाला महिन्यातून एक-दोनदा.
• जून ते सप्टेंबर: पाऊस सुरू असताना पाणी देऊ नये. कुंड्या शक्यतो छपराखाली, पण उजेडात हलवाव्यात. पावसाने दीर्घ ओढ दिल्यासच पाणी द्यावे.
• ऑक्टोबर व नोव्हेंबर: परतीचा पाऊस संपल्यावर दोन आठवड्यांतून एकदा.
• डिसेंबर ते फेब्रुवारी: तीन ते चार आठवड्यांतून एकदा. थंडीच्या लाटेत पाणी बंद ठेवावे.

कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे मातीवर व कुंडीच्या कडेला क्षारांचा पांढरा थर येतो. शक्य असल्यास साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, तसेच दर दोन-तीन वर्षांनी कुंडीतील माती बदलावी. खत कमी प्रमाणात, पावसाळ्यानंतर व फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावे. नत्र जास्त झाल्यास खोड भुसभुशीत वाढते आणि कुजण्याची शक्यता वाढते.

अभिवृद्धी

स्तंभाकार निवडुंगाची रोपे बी किंवा फाट्यापासून करतात. बियांपासून वाढ संथ असते; फाट्यापासून रोप लवकर तयार होते. त्यासाठी २० ते ४० सेंटिमीटर लांबीचा निरोगी फाटा निर्जंतुक धारदार सुरीने कापावा व कोरड्या सावलीत ठेवावा. कापलेल्या भागावर कडक खपली धरेपर्यंत तो लावू नये. जाडीनुसार यास एक ते तीन आठवडे लागतात. ओली जखम मातीत गेल्यास फाटा कुजतो. खपली धरल्यावर फाटा कोरड्या मिश्रणात पाच-सात सेंटिमीटर खोल उभा करून काठीचा आधार द्यावा व एक-दोन आठवड्यांनंतरच हलके पाणी द्यावे. फाट्याची खालची बाजू लक्षात राहण्यासाठी कापतानाच खूण करावी.

या प्रदेशात फेब्रुवारी-मार्च हा फाटे लावण्याचा सोयीचा काळ आहे. पावसाळ्यापूर्वी मुळे धरण्यास पुरेसा अवधी मिळतो. पावसाळ्यात घेतलेले फाटे दमट हवेमुळे नीट सुकत नाहीत.

सेरेयसचा उपयोग कलमासाठी खुंट म्हणूनही होतो. संथ वाढणारा किंवा हरितद्रव्य नसलेला रंगीत निवडुंग त्याच्या आडव्या कापलेल्या माथ्यावर बसवतात. दोन्ही खोडांतील वाहिन्यांची कडी एकमेकांना टेकतील अशी मांडणी करून रबराने हलके बांधतात.

रोग व कीड

मूळकूज व खोडकूज हे सर्वांत घातक विकार आहेत. पाणथळ मातीत फ्युजेरियम, फायटोफ्थोरा यांसारख्या रोगकारकांची वाढ होते. बुडाजवळचा भाग पिवळसर, पाणीदार व मऊ होणे, झाड झुकणे आणि ओल्या मातीतही खोड आक्रसणे ही लक्षणे असतात. ओल्या मातीतील आक्रसलेले झाड तहानलेले समजून त्याला आणखी पाणी दिले जाते. प्रत्यक्षात मुळे मेल्यामुळे ते पाणी घेऊ शकत नसते. बाहेरून लक्षणे दिसेपर्यंत कूज आत बरीच वर चढलेली असते, म्हणून अनेक वर्षे वाढवलेला खांब एका पावसाळ्यात कोसळू शकतो.

जुन्या झाडाचे बूड वयोमानाने तपकिरी व लाकडासारखे होते. तो भाग दाबल्यावर कठीण लागतो. ही नैसर्गिक प्रक्रिया असून तिला कूज समजू नये.

कूज आढळल्यास झाडाचा वरचा निरोगी भाग वाचवता येतो. कुजलेल्या भागाच्या बऱ्याच वरून खोड आडवे कापावे. कापलेल्या पृष्ठावर, विशेषतः वाहिन्यांच्या कड्यात, तपकिरी किंवा तांबूस डाग दिसल्यास आणखी वर कापावे आणि प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसावी. पूर्ण स्वच्छ पृष्ठ मिळाल्यावर तो भाग सुकवून फाट्याप्रमाणे पुन्हा लावता येतो. कुजलेली माती त्याच कुंडीत परत वापरू नये. बुरशीनाशके किंवा ट्रायकोडर्मासारखी जैविक बुरशीनाशके प्रतिबंधासाठी वापरली जातात, परंतु निचरा सुधारल्याशिवाय त्यांचा टिकाऊ उपयोग होत नाही.

पिठ्या ढेकूण कंगोऱ्यांच्या खाचांत व काट्यांच्या बुडाशी कापसासारख्या पांढऱ्या पुंजक्यांत दिसतो. प्रादुर्भाव थोडा असल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसून काढता येतो. खवले कीड मऊ ब्रशने खरवडावी. उन्हाळ्यात लाल कोळ्यामुळे शेंड्याची साल खरबरीत व गंजल्यासारखी होते. मुळांवरील पिठ्या ढेकूण बाहेरून दिसत नाही. वाढ विनाकारण थांबल्यास झाड कुंडीतून काढून मुळे तपासावीत.

सुरक्षितता

उंच खोडात बहुतांश पाणी असल्याने ते फार जड असते. वळवाच्या पावसाबरोबर येणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्यात सैल मातीतील किंवा बुडाशी कुजलेला खांब उन्मळून पडू शकतो. त्यामुळे मोठी झाडे दार, पायवाट, मुलांची खेळण्याची जागा व वाहनतळ यांपासून दूर लावावीत. गच्चीवर कुंड्या कठड्यावर ठेवू नयेत. झाड हलवताना ते वर्तमानपत्राच्या जाड गुंडाळीत किंवा जुन्या गोणपाटात धरावे. त्वचेत रुतलेले काटे चिमट्याने काढून जखम साबणाने धुवावी. जखम खोल असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

काटेरी झाड घराच्या आत किंवा दारासमोर असू नये, अशी समजूत अनेक कुटुंबांत आढळते. त्यामुळे निवडुंग पुष्कळदा घराऐवजी अंगणाच्या कडेला किंवा गच्चीवर ठेवला जातो.

पर्यावरण व कायदा

निवडुंगाचा तुटलेला तुकडाही रुजू शकतो. सेरेयस जमाकारू ही जात दक्षिण आफ्रिकेत बागांतून निसटून आक्रमक तण बनली असून तिच्या नियंत्रणासाठी तेथे एका पिठ्या कीटकाचा उपयोग करण्यात आला. भारतातील फड्या निवडुंगाचा इतिहासही याच धोक्याकडे निर्देश करतो. म्हणून छाटलेले तुकडे गायरानात, ओढ्याकाठी किंवा माळावर टाकू नयेत. ते पूर्ण वाळवून नष्ट करावेत.

निवडुंग कुलातील जवळजवळ सर्व जाती धोक्यातील वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारात समाविष्ट आहेत. बहुतेकांची नोंद परिशिष्ट दोनमध्ये, तर काही दुर्मीळ जातींची परिशिष्ट एकमध्ये आहे. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. परदेशातून झाडे किंवा बिया मागवताना वनस्पती संगरोध आदेश, २००३ मधील आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राच्या अटीही लागू होतात. सामान्य बागेसाठी स्थानिक रोपवाटिकेत फाट्यापासून तयार केलेले रोप घेणे सोयीचे ठरते. ते त्या हवामानात वाढलेले असते आणि त्यासाठी रानातील झाड उपटले गेलेले नसते.

हेही पाहा

निवडुंग
ड्रॅगन फ्रूट
काळी मृदा
परभणी जिल्हा
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ